काचेवरचे शहर

छायाचित्रांच्या धंद्यात पडून मला आता तीस वर्षे होऊन गेली. नोकरी नाही, दुकान नाही. बोलावणे आले की कॅमेरा खांद्याला लावावा आणि निघावे, असा हा धंदा. लग्नसराई चार पैसे देते, मुंजी थोडेफार देतात, उरलेले वर्ष कसेबसे निभते. २०२० साली मात्र ऐन लग्नसराईतच सारे बंद पडले. घेतलेले विसार परत करता करता गाठीची पुंजी आटली, आणि पुढची दोन-तीन वर्षे तर पाय ओढीतच गेली. अशाच एका दिवशी माळ्यावरच्या पेट्यांकडे बोट दाखवून सौ. म्हणाली, "अहो, ह्यांचं काय करायचं ठरवलंय? काढून टाकल्या तर निदान जागा तरी होईल."

त्या पेट्यांत पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या निगेटिव्ह आहेत. काम नसले की मी पेठांतून हिंडत असे, तेव्हा टिपलेल्या. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसेही दिले नव्हते. सौ.च्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना मला पॅरिसचा एक म्हातारा आठवला.

यूजेन आत्जे त्याचे नाव. १८५७ साली फ्रान्समधल्या लिबूर्न गावी तो जन्मला. आईबाप लहानपणीच गेले. काही दिवस त्याने जहाजावर काढले. पुढे फिरत्या नाटकमंडळ्यांत किरकोळ भूमिका केल्या. चित्रेही काढून पाहिली. कशातच जम बसेना, तेव्हा तिशी उलटल्यावर त्याने कॅमेरा हाती घेतला आणि कलावंतांना उपयोगी पडणारे नमुने येथे मिळतील, अशा अर्थाची पाटी दारावर लावली. झाडे, फुले, दारे, जिने ह्यांची चित्रे काढावी आणि चित्रकारांना विकावी, एवढाच त्याचा व्यापार.

पुढे १८९७-९८ च्या सुमारास तो जुन्या पॅरिसकडे वळला. रुंद रस्त्यांसाठी शहराचा केवढा तरी भाग आधीच पाडला गेला होता. जे उरले होते तेही जात होते. भाता असलेला लाकडी कॅमेरा, तिपाई आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन हा गृहस्थ भल्या पहाटे निघे. प्रकाश घ्यायला काचेला वेळ लागे, त्यामुळे चालता माणूस चित्रात उमटतच नसे किंवा धुरासारखा उमटे. म्हणून त्याचे रस्ते ओसाड दिसतात. घरी येऊन तो उन्हात कागद ठेवून प्रती काढी आणि त्या ग्रंथालयांना व संग्रहालयांना विकी.

मग १९१४ चे महायुद्ध आले. गिऱ्हाईक आटले. ज्या व्हालांतीनबरोबर त्याने संसार केला, तिचा मुलगा रणांगणावर पडला. बॉम्बच्या भीतीने आत्जेने आपल्या काचा तळघरात नेऊन ठेवल्या. त्या वर्षांत नवी चित्रे फारशी निघालीच नाहीत. युद्ध संपले तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. १९२० साली त्याने सरकारी कलाखात्याच्या प्रमुखाला लिहिले: आपण म्हातारे झालो, मागे वारस नाही, हा संग्रह अज्ञानी माणसाच्या हाती पडेल अशी धास्ती वाटते. सरकारने २६२१ काचा १०००० फ्रँकना घेतल्या. हिशेब करून पाहा. काचेमागे चार फ्रँकही पडले नाहीत.

परंतु ह्या पैशांवर तो स्वस्थ बसला नाही. १९२५ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, तो पॅरिसबाहेरच्या सो येथील उजाड उद्यानात पहाटे जाई आणि तळी, पुतळे, पानगळलेली झाडे टिपी. हे कोणासाठी? बहुधा स्वतःसाठीच. १९२६ साली व्हालांतीन वारली. त्याच वर्षी त्याच्याच गल्लीत राहणाऱ्या मॅन रे ह्या कलावंताने त्याचे एक चित्र नव्या पंथाच्या नियतकालिकात छापविले. 'माझे नाव घालू नका,' एवढेच आत्जेचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी बेरेनिस अ‍ॅबट ह्या तरुण छायाचित्रकर्तीने त्याची छबी टिपली. प्रत दाखवायला ती गेली, तो म्हातारा निघून गेला होता. ती तारीख ४ ऑगस्ट १९२७. घरात उरलेला संग्रह अ‍ॅबटने १९२८ साली मिळविला, चाळीस वर्षे सांभाळला, आणि १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात गेला.

पडत्या काळात अशा हकीकती सांगून मनाची समजूत घालण्याची आपल्याला सवय आहे. मला तसे करावयाचे नाही. आत्जेला अ‍ॅबट भेटली. न भेटलेले किती असतील! मला त्याची दुसरीच एक गोष्ट लागली. तो प्रत्येक काचेवर क्रमांक कोरी आणि प्रतीच्या पाठीवर जागेचे नाव लिही. त्याच्या मागे त्याचे शहर ओळखता आले ते त्यामुळे. माझ्या पेट्यांत एकाही वाड्याचे नाव नव्हते. पुष्कळसे वाडे आता उभे नाहीत, आणि कोणता कोठला हे मलाही सांगता येईना.

तेव्हापासून रात्री जेवणे झाली की मी एक पेटी उतरवून घेतो. परवा निगेटिव्ह दिव्यासमोर धरली होती, सौ. मागून वाकून म्हणाली, "थांबा, ही तर आमच्या आत्यांच्या वाड्याची दिंडी! तिसऱ्या पायरीचा टवका मी पाडला होता." मी वही तिच्यापुढे सरकविली. तिने चष्मा लावला, गल्लीचे नाव लिहिले आणि विचारले, "साल कोणतं घालू?"

माळ्यावर जागा अजून झालेली नाही.