जपानची तारका-सप्तमी

इसवी सन १८७३ च्या जानेवारीची ४ तारीख. त्या दिवशी जपानच्या मेइजी सरकारने एक आज्ञापत्र काढले. तीनच दिवसांपूर्वी देशातील जुने चांद्र पंचांग रद्द होऊन युरोपीय दिनदर्शिका सुरू झाली होती. आता या आज्ञापत्राने वर्षातील पाच परंपरागत सणांची सरकारी मान्यताही काढून घेतली. पहिल्या महिन्याची सप्तमी, तिसऱ्याची तृतीया, पाचव्याची पंचमी, सातव्याची सप्तमी आणि नवव्याची नवमी असे हे पाच सण. शोगुनांच्या अमदानीत ते राजमान्य होते. त्यांच्या जागी सम्राट जिम्मूचा राज्यारोहणदिन आणि विद्यमान सम्राटाचा जन्मदिन असे दोन नवे राष्ट्रीय दिवस नेमण्यात आले.

शोगुन गेले, पंचांग गेले, तेव्हा सणही जातील असा हिशेब कोणी केला असल्यास तो चुकला. पाचांपैकी नवव्या महिन्याची नवमी, म्हणजे शेवंतीचा सण, लोकजीवनातून बराचसा मावळला. परंतु मुलींच्या बाहुल्यांची तृतीया, मुलग्यांची पंचमी आणि ताऱ्यांची सप्तमी हे तीन सण आजही घरोघर नांदत आहेत. या तिहींमध्ये मुलांना करण्यासारखे काहीतरी आहे, शेवंतीच्या सणात ते फारसे नव्हते. हा फरक क्षुल्लक नव्हे. त्यांतील सप्तमीचा, म्हणजे ‘तानाबाता’चा, इतिहास विशेष मनोरंजक आहे. ज्या हातांनी तो सण आज टिकवून धरला आहे, त्यांतील पुष्कळांना अजून लिहितासुद्धा येत नाही.

कथा मूळची चीनची. आकाशाच्या अधिपतीची कन्या ओरिहिमे मागावर वस्त्रे विणी. नदीपलीकडे हिकोबोशी नावाचा तरुण गुरे राखी. दोघांचा विवाह झाला आणि संसारसुखात माग थांबला, गुरे मोकाट सुटली. क्रुद्ध पित्याने दोघांना आकाशगंगेच्या दोन तीरांवर दूर केले आणि वर्षातून एकच रात्र, सातव्या महिन्यातील सप्तमीची, भेटीसाठी दिली. काही कथांत त्या रात्री पक्षी पंखाला पंख लावून नदीवर पूल बांधतात. यातील विणकरीण म्हणजे आपली अभिजित आणि गुराखी म्हणजे आपले श्रवण नक्षत्र. ज्या श्रवणावरून आपल्या श्रावणास नाव मिळाले तोच हा तारा. आणि जुन्या पंचांगाप्रमाणे तानाबाताचा दिवसही बहुधा श्रावण शुद्ध सप्तमीच्याच सुमारास, नागपंचमी होऊन दोन दिवस लोटल्यावर येतो.

जपानात हा सण प्रथम राजवाड्यात रुजला. सम्राट शोमूने ७३४ साली या तिथीस मल्लयुद्ध पाहिले आणि संध्याकाळी विद्वानांकडून सप्तमीवर काव्ये करवून घेतली, अशी नोंद आहे. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात या विषयावरील शंभराहून अधिक कविता आहेत. विणकाम व शिवणकाम यांत कौशल्य लाभावे म्हणून दरबारातील स्त्रिया सुईत रंगीत दोरे ओवीत. नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारात अशा विधीच्या मानल्या जाणाऱ्या सात मोठ्या सुया आजही जपून ठेवलेल्या आहेत. कविता लिहावयाच्या त्या कागदी तुतीच्या पानांवर.

एदो काळात, सतराव्या शतकापासून पुढे, सण राजवाड्याची पायरी उतरला आणि शाळेत आला. ‘तेराकोया’ नावाच्या खासगी शाळांतून व्यापाऱ्यांची, कारागिरांची व शेतकऱ्यांची मुले लेखन-वाचन शिकत. आपल्याकडील पंतोजींच्या शाळांची आठवण व्हावी अशाच त्या होत्या. सप्तमीच्या सकाळी मुले अळूच्या पानांवरील दव गोळा करीत. तो आकाशगंगेचाच थेंब, अशी समजूत. त्या पाण्यात शाई उगाळून, अक्षर सुधारावे अशी इच्छा धरून, ती कागदाच्या लांबट पट्ट्यांवर लिहीत आणि त्या पट्ट्या, ज्यांना ‘तानझाकू’ म्हणतात, हिरव्या बांबूच्या फांदीस बांधीत. मराठीत अळवावरचे पाणी म्हणजे न टिकणाऱ्या गोष्टीची उपमा. त्याच पाण्याने लिहिण्याची ही चाल मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

चित्रकार हिरोशिगे याने १८५७ साली काढलेल्या एदो शहराच्या एका चित्रात छपरांच्या वर बांबूचे जणू रानच उगवलेले दिसते. त्यांवर रंगीत पट्ट्या तर आहेतच, पण कागदाची मासोळी आहे, कलिंगडाची फोड आहे, आणि व्यापाऱ्यांच्या त्या नगरीला साजेशी मणिपाटी व जमाखर्चाची वहीही आहे. दरबारी स्त्रियांनी सुईतली निपुणता मागितली, शाळकरी पोरांनी वळणदार अक्षर मागितले, वाण्यांनी हिशेबाची बरकत मागितली. चित्र छापले गेल्यावर सोळाच वर्षांनी ते आज्ञापत्र निघाले.

नव्या राजवटीने जुने सण बाजूस सारले, त्याच उत्साहाने नव्या शिक्षणसंस्था उभारल्या. १८७६ च्या नोव्हेंबरात टोकियोच्या स्त्री-अध्यापन विद्यालयास जोडून जपानची पहिली सरकारी बालशाळा उघडली. पद्धत सर्वस्वी फ्रोबेलची. शिक्षिकांत प्रमुख क्लारा मात्सुनो ही जपानी गृहस्थाशी विवाह केलेली जर्मन स्त्री. प्रतिष्ठित घराण्यांतील बालके टेबलाशी ओळीने बसून फ्रोबेलने योजलेले चेंडू, घन व काड्या ठराविक क्रमाने हाताळीत. १८९९ साली देशभरच्या बालशाळांसाठी नियमावली झाली, तीत खेळ, गाणी, गोष्टी व हस्तकाम हे चार विषय सांगितले होते. सणांचे नाव नव्हते. विचार करता यात नवल नाही. घरी आजी बांबू उभा करीत होती, शाळा जर्मनीचा धडा गिरवीत होती, आणि या दोहोंचा परस्परांशी संबंध असावा असे नियम करणाऱ्यांना वाटले नसावे.

हा संबंध जोडू पाहणाऱ्यांत कुराहाशी सोझो (१८८२–१९५५) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९१७ साली ते त्याच टोकियोच्या बालशाळेचे प्रमुख झाले. पेट्यांत क्रमवार लावून ठेवलेली फ्रोबेलची साधने त्यांनी टोपल्यांत एकत्र ओतविली आणि मुलांना हवी तशी खेळू दिली, हे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. पण त्यांचा आग्रह याहून खोल होता. मूल ज्या जीवनात वावरते त्यातूनच त्याचे शिक्षण निघाले पाहिजे, असे ते म्हणत. आणि जपानी मुलाच्या जीवनात ऋतू आणि सण यांना वगळणे शक्यच नव्हते. युद्धानंतर १९४८ साली शिक्षण मंत्रालयाने बालसंगोपनाची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्या सिद्धतेत कुराहाशींचा वाटा होता. तीत बालकांना द्यावयाचे बारा अनुभव सांगितले आहेत आणि त्यांतील बारावा आहे ‘वर्षभरातील सण-उत्सव’. १८७३ साली सरकारने समोरच्या दाराने घालवलेले सण पंचाहत्तर वर्षांनी सरकारनेच बालशाळेच्या दाराने आत घेतले.

त्याच वर्षी सुट्ट्यांचा नवा कायदा झाला. त्याने ५ मे हा बालदिन म्हणून सुट्टीचा दिवस ठरविला; ७ जुलैला मात्र सुट्टी दिली नाही. ही उपेक्षा उपकारक ठरली म्हणावयाचे, कारण त्या दिवशी शाळा उघडी असते.

जूनच्या अखेरीस बालशाळेच्या दालनात बांबूच्या फांद्या येतात. शिक्षिका चित्रफलकांवरून विणकरीण व गुराखी यांची कथा सांगते. चार-पाच वर्षांची मुले रंगीत कागदाच्या साखळ्या चिकटवतात. घडी घातलेल्या कागदास दोन्ही कडांनी आळीपाळीने कात्री लावून तो उलगडतात, तर मासेमारीचे जाळे तयार होते. कात्री धरण्याचा हा बहुतेकांचा आरंभीचाच काळ असतो. मग तानझाकू. ज्यांना अक्षरे येतात ती मुले वेडीवाकडी लिहितात. ज्यांना येत नाहीत त्यांची इच्छा शिक्षिका कानाशी कान लावून ऐकते आणि लिहून घेते. एकाला आगगाडी चालवावयाची असते, एकीला मिठाईचे दुकान काढावयाचे असते, कोणाला आजारी आजी बरी व्हावीशी वाटते. दुपारच्या जेवणात पुष्कळ ठिकाणी ‘सोमेन’ या बारीक शेवया असतात. नंतर सर्व मिळून ‘तानाबाता-सामा’ हे गाणे म्हणतात. ते १९४१ साली, युद्धाच्या छायेत, सरकारी पाठ्यपुस्तकात आले आणि त्या पुस्तकामागून आजतागायत जिवंत राहिले.

पूर्वीचे मूल कौशल्य मागे, आजचे मूल वाटेल ते मागते, असा आक्षेप घेता येईल. घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की ज्याला लिहिता येत नाही त्याचीही इच्छा आता फांदीवर चढते, जे तेराकोयात घडणे नव्हते.

दिनदर्शिकेने केलेले नुकसान मात्र खरे आहे. जुन्या तिथीस पावसाळा सरलेला असे, सप्तमीचा अर्धचंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळे आणि तारे लखलखत. ७ जुलै हा दिवस जपानच्या बऱ्याच भागांत ऐन पावसाळ्यात पडतो. सेंदाईसारख्या शहराने तोडगा म्हणून उत्सव ऑगस्टच्या ६ ते ८ तारखांना ठेवला आहे, आणि राष्ट्रीय खगोलवेधशाळा २००१ पासून जुन्या गणिताप्रमाणे येणारी तानाबाताची तारीख दरवर्षी जाहीर करीत असते. बालशाळेची अडचण याहून निराळी. ती दुपारीच सुटते. ताऱ्यांचा सण उन्हात किंवा पावसात साजरा होतो, आणि अभिजित व श्रवण मुलांना दिसतात ते भिंतीवर चिकटवलेल्या सोनेरी कागदाचे.

सण झाल्यावर बांबू नदीत किंवा समुद्रात सोडून देण्याची जुनी चाल होती. इच्छा आकाशगंगेपर्यंत वाहत जावी हा तिचा अर्थ. पाणी दूषित होते म्हणून आता बहुतेक ठिकाणी तसे करीत नाहीत. काही बालशाळांत शिक्षिका फांदीचे तुकडे करून एकेक डहाळी मुलांच्या हाती देते. ती खांद्यावर घेऊन मूल आईबरोबर घरी जाते आणि पट्टीवर काय लिहिले आहे ते वाटेत आईकडून पुन्हा वाचून घेते.