गौताळा-औट्रमघाट अभयारण्य : पावसाळी भेट व पूरसुरक्षा

जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत वसलेले अभयारण्य. घोषणा १९८६. क्षेत्रफळ २६०.६१ चौ. किमी.; त्यांपैकी ६३.५५ चौ. किमी. जळगाव जिल्ह्यात (चाळीसगाव तालुका), बाकीचे घाटमाथ्यावर कन्नडच्या बाजूस. पाचोरा, भडगाव व चाळीसगाव तालुक्यांतील लोकांची श्रावणातली सहल बहुधा इथेच निघते. म्हणून प्रस्तुत नोंदीत पावसाळ्यातील भेट व पुरापासून बचाव या अंगांवर भर दिला आहे.

वाट : पाचोऱ्याहून रेल्वेने नगरदेवळा, कजगाव, वाघळीमार्गे चाळीसगाव सुमारे ४५ किमी.; तेथून नैर्ऋत्येस सुमारे १८ किमी.वर पाटणादेवी. रस्त्याने जाणारे भडगावावरून जातात. अभयारण्यात शिरताना वन खात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. ही नोंद टाळून आडवाटेने आत जाणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहेच. शिवाय पुराच्या वेळी आत किती माणसे अडकली आहेत हे समजण्याचे ही नोंद एक मुख्य साधन असते.

भूरचना व पाणी : डोंगराचा कडा खानदेशाकडे, म्हणजे उत्तरेला, एकदम तुटतो. माथ्यावरचे पठार बेसाल्टचे. पाणी मुरायला माती थोडी. पठारावर पडलेला पाऊस आखूड, तीव्र उताराच्या नाल्यांतून थोड्या वेळात दरीत उतरतो. पाटणादेवीच्या परिसरात उगम पावणारी डोंगरी नदी आणि तिच्या शेजारची तितूर या दोन्ही नद्या चाळीसगावातून जातात व हे पाणी पुढे गिरणेला मिळते. पाचोरा शहर ज्या हिवरा नदीकाठी आहे तिचा स्वभावही असाच डोंगरी. गिरणेचा पूर वेगळा. तिच्यावर नाशिक जिल्ह्यात मोठे धरण आहे. विसर्ग वाढवण्यापूर्वी काठच्या गावांना इशारा दिला जातो आणि पाणी खाली पोचायला अवधी लागतो. डोंगरीच्या वरच्या दरीत असा अवधी नसतो. पाचोऱ्यात ऊन पडलेले असताना दरीत लोंढा येऊ शकतो, कारण पाऊस कन्नडच्या माथ्यावर झालेला असतो. निघण्यापूर्वी आपल्या गावचे आभाळ पाहून भागत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा हवामान इशाराही पाहायला हवा.

पाटणादेवी : चंडिका देवीचे मंदिर डोंगरी नदीलगत आहे. चैत्र व नवरात्रात यात्रा. जवळच दगडी महादेव मंदिर आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, अशी माहिती देणारा शिलालेख येथे मिळाला (शके ११२८; इ. स. १२०७). तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे विज्जडविड हे गाव म्हणजे हेच ठिकाण काय, याबद्दल मतभेद आहेत. दरीत आत केदारकुंड व धवलतीर्थ हे धबधबे असून पावसाळ्यातली गर्दी मंदिरापेक्षा तेथेच जास्त असते. वर पितळखोरे येथे इ. स. पू. दुसऱ्या शतकापासूनची बौद्ध लेणी आहेत. माथ्यावरून पायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरून लेण्यांकडे जावे लागते. परतीची चढणही त्याच ओढ्याकाठून असल्याने, पाऊस सुरू असेल तर खाली उतरू नये.

२०२१ चा पूर : ३० ऑगस्ट २०२१ ला श्रावणी सोमवार व गोकुळाष्टमी एकाच दिवशी आली होती. त्या रात्री कन्नड घाट व पाटणादेवीच्या डोंगरात अतिवृष्टी झाली आणि ३१ तारखेच्या पहाटेपर्यंत डोंगरी व तितूर पात्राबाहेर पडल्या. चाळीसगाव शहराचा नदीलगतचा भाग, बाजारपेठ आणि काठची अनेक गावे पाण्याखाली गेली. गोठ्यात बांधलेल्या जनावरांची दावी सोडायलाही सवड मिळाली नाही. शेकडो गुरे दगावली. पोळा एका आठवड्यावर आला होता. पिकांबरोबर शेतातली मातीही खरवडून गेली. घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळून वाहने अडकली व वाहतूक बंद पडली.

वृत्तपत्रांनी या घटनेस ढगफुटी म्हटले. हवामान विभाग ताशी सुमारे १०० मिमी. पाऊस लहान क्षेत्रावर झाल्यास ही संज्ञा वापरतो. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांची एकत्र बेरीज असते, तीवरून हे ठरत नाही. कोविडमुळे त्या वेळी राज्यातील मंदिरे भाविकांसाठी बंद होती, ती ७ ऑक्टोबरला उघडली. एरवीच्या श्रावणी सोमवारी नदीलगतच्या मंदिरात किती माणसे असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या योगायोगाचे मोल कळेल. पूर रात्री आला हेही तितकेच महत्त्वाचे. दिवसा तो आला असता तर कुंडांत पोहणारे त्याच्या वाटेत सापडले असते.

दरीतील खुणा व खबरदारी : गुडघाभर स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यावर पालापाचोळा व काटक्या वाहत येणे, धबधब्याची धार जाड व तांबूस होणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे : यांपैकी एक खूण दिसली तरी पात्रातून ताबडतोब बाजूच्या उंचवट्यावर चढावे. चप्पल, पिशवी, मोबाइल घ्यायला पात्रात परतू नये. प्रवाहाच्या दिशेने पळण्यात अर्थ नाही, लोंढा माणसापेक्षा वेगवान असतो. पलीकडच्या काठावर अडकल्यास पाणी ओसरेपर्यंत तेथेच थांबावे. हे पूर चढतात तसे काही तासांत उतरतातही. एकमेकांचे हात धरून साखळीने ओलांडण्याची रीत सर्रास दिसते. एकाचा पाय सुटला की साखळीच वाहते.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर वाहन घालू नये. जोराच्या प्रवाहात सुमारे १५ सेंमी. पाणी माणसाला पाडते, ३० सेंमी. लहान मोटार उचलू शकते, ६० सेंमी. बहुतेक वाहने वाहून नेते. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली, हे वरून दिसत नाही. दुचाकीस्वारांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण पाचोरा-भडगावकडची तरुण मंडळी बहुधा दुचाकीवरच येतात.

जाताना घरी परतीची वेळ सांगून ठेवावी. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे इशारे निघण्यापूर्वीच पाहावेत. विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप उपयोगी. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली पर्यटनस्थळ बंद करू शकतात. नाक्यावर वनरक्षकाने परत फिरवले तर हुज्जत घालू नये. वरच्या पाण्याची खबर त्याला आधी लागलेली असते.

घाट : कन्नड किंवा औट्रम घाट, खानदेशातील भिल्ल पलटणीचा अधिकारी जेम्स औट्रम याच्या नावावरून. धुळे-सोलापूर महामार्ग यातून जातो. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी. पावसात घाटात गाडी थांबवून छायाचित्रे काढणे धोक्याचे. दरडी पाऊस थांबल्यावरही सुटतात.

वन्यजीव : बिबट्या, अस्वल, भेकर, चिंकारा, पक्षी विपुल.

निवास : पावसाळ्यात मुक्काम चाळीसगावी करावा, नदीकाठी तंबू ठोकू नये.