नवजातांच्या उपचारांची सामायिक रीत : शीव ते कल्याण

या सभागृहातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर माजिवड्याचा नाका आहे. नाशिककडून, भिवंडी-कल्याणच्या बाजूने येणारा रस्ता तिथे पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो, आणि तो महामार्ग सरळ शीवला जातो. रात्री-अपरात्री तिथून मुंबईकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. एखादीत दीड किलोचं, काही तासांचं बाळ असतं. आजचा विषय ते बाळ, आणि त्याच्यासोबतचा कागद.

आम्ही तत्त्वज्ञानाचे, वैद्यक आमचं क्षेत्र नव्हे. पण कारण घरचं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची नात दिवस भरायच्या आधी जन्मली. एका नर्सिंग होमने ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणून सांगितलं. चिठ्ठीवर एकच ओळ : पुढील उपचारांसाठी. पुढच्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळ रडलं कधी? इंजेक्शन कोणतं दिलं? निघताना अंग गार पडलं होतं का? आम्ही जन्मभर प्रश्न विचारण्याचाच पगार घेतला, पण त्या तीन प्रश्नांपुढे गप्प झालो. (नात आता नोकरी करते, काळजी नको.)

तेव्हा ज्ञान नव्हतं असं नाही. अमेरिकेत १९७६ साली ‘मार्च ऑफ डाइम्स’च्या पुढाकाराने एक अहवाल निघाला. प्रदेशातली प्रसूती-रुग्णालयं तीन पायऱ्यांत लावा, कोणती आई, कोणतं बाळ कुठल्या पायरीवर जाईल ते आधी ठरवा, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे १९८० साली नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम स्थापन झाला. आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग चालवत होत्या. आपण म्हणतो ना, ‘बाळाला काचेत ठेवलंय’. आपल्या लेखी काच म्हणजेच उपचार. त्यांनी मात्र आईला आणि आईच्या दुधाला उपचाराच्या मध्यभागी आणलं. १९८९ साली तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती या विचारातून.

पण एक विभाग सुधारला म्हणून शहर सुधारत नाही. महापालिकेचं आरोग्य केंद्र, प्रसूतिगृह, उपनगरी रुग्णालय आणि वर मोठं रुग्णालय अशी उतरंड होती. तरी जरा शंका आली की सगळे थेट वरच पाठवणार. वर एका पेटीत दोन बाळं, खाली खाट रिकामी. डॉ. फर्नांडिस यांनी १९९९ साली ‘स्नेहा’ ही संस्था काढली. पुढे महापालिका आणि लंडनच्या बालआरोग्य संशोधकांना बरोबर घेऊन शहरभराचा नवजात आरोग्य उपक्रम उभा राहिला. २००६ साली त्याची मांडणी डेव्हिड ऑसरिन यांच्यासह छापून आली. त्यात वस्तीतलं काम होतं, तसंच रुग्णालयांनी एकत्र बसून रीत ठरवण्याचंही : काय इथेच सांभाळायचं, काय पाठवायचं, कुणाकडे पाठवायचं. पाठवणीची ही साखळी पुढे ठाणे, कल्याण-डोंबिवली अशा शेजारच्या महापालिकांपर्यंत आली. सगळंच साधलं असं नाही हो. वस्त्यांतल्या महिला गटांचा मोठा प्रयोग झाला, त्यातून नवजातांचे मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, आणि २०१२ साली त्यांनी ते तसंच छापलं. आम्हाला या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं.

गडचिरोलीची वाट निराळी. तिथे रुग्णालयच लांब. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला शिकवून तीच रीत घरात नेली. ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, हा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ साली केंद्र सरकारने दोन्ही टोकं बांधली. एकीकडे आशाताईंच्या घरभेटी. दुसरीकडे प्रत्येक प्रसूतिस्थानी नवजात कोपरा, त्यावर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्ह्याला विशेष कक्ष. वजन १८०० ग्रॅमच्या आत असेल तर बाळ विशेष कक्षात, असे स्पष्ट आकडे आले.

आता आमच्यातला जुना मास्तर विचारतो : प्रत्येक बाळ वेगळं, मग सगळ्यांना एक नियम कसा? एक ज्येष्ठ डॉक्टर स्नेही आमच्याशी यावरून भांडले. ‘कागद बघून औषध द्यायला कारकून पुरेल,’ म्हणाले. आमचं म्हणणं उलटं आहे. नेहमीची रीत कुठे लिहिलेलीच नसेल, तर तुम्ही ती मोडलीत ती विचार करून की विसरून, हे ओळखायचं कसं? लिहिलेला नियम असला की अपवादाला कारण द्यावं लागतं, आणि रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या सिस्टरला वरिष्ठांना फोन करायचा आधार मिळतो.

आणि कागदात मागावं तरी काय? जन्माची वेळ, वजन, तापमान, दिलेली औषधं, निघण्याआधी पुढे फोन केला का. अर्ध्या पानाचं काम. त्याच्या उलट प्रवासाचा कागद मात्र राहून जातो. पाठवलेल्या बाळाचं पुढे काय झालं, हे पाठवणाऱ्याला कळलं नाही तर पुढच्या वेळी बाळ लवकर पाठवायचं की थांबायचं, हे तो शिकणार कसा? आमच्या नातीचं काय झालं, हे त्या नर्सिंग होमला त्या मोठ्या रुग्णालयाने कळवलं नाही. आम्हीही कळवलं नाही.