बगदाद ते बुल्गार : एका दूताचा प्रवास आणि त्याचा बोध



घरात जगाचा नकाशा असेल तर तो क्षणभर समोर पसरा. वरच्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला देश दिसेल तो रशिया. क्षेत्रफळाने तो जगातील सर्वांत मोठा देश आहे. आपल्या भारताच्या पाचपटीहून मोठा! त्याच्या पश्चिम भागात व्होल्गा नावाची महानदी वाहते. हजार-अकराशे वर्षांपूर्वी या नदीच्या काठी बुल्गार लोकांचे राज्य होते. तेथे जाऊन आलेल्या एका मुसलमान प्रवाशाची हकिकत आज तुम्हांला सांगावयाची आहे. त्यांचे नाव अहमद इब्ने फजलान.

सन ९२१ मध्ये बगदादच्या तख्तावर अब्बासी खलिफा अल्-मुक्तदिर होते. बुल्गारांचा राजा अल्मिश याने नुकताच इस्लामचा स्वीकार केला होता. त्याने खलिफांकडे तीन गोष्टी मागितल्या. दीनचे शिक्षण देणारी माणसे पाठवा, मशीद व मिंबर उभारण्यास मदत करा आणि शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून किल्ला बांधण्यास द्रव्य द्या. वाचकहो, या मागण्यांमध्ये शिक्षकाची मागणी होती हे ध्यानात ठेवा. आपल्या कथेचे मर्म त्यातच आहे.

खलिफांनी शिष्टमंडळ पाठविण्याचे ठरविले. इब्ने फजलान यांच्याकडे राजासमोर खलिफांचे पत्र वाचणे, नजराणे सुपूर्द करणे आणि सोबतच्या फकीह व शिक्षकांवर देखरेख ठेवणे ही कामे होती. किल्ल्यासाठी ४,००० दिनार एका जहागिरीच्या उत्पन्नातून वाटेत मिळावयाचे होते. २१ जून ९२१ रोजी मंडळी बगदादहून निघाली.

प्रारंभीचा मार्ग मोठमोठ्या शहरांतून जाणारा होता. हमदान, रय, निशापूर, मर्व आणि मग बुखारा. बुखाऱ्यात सामानी अमीर नसर यांचे राज्य होते आणि भूगोलाचे जाणकार अल्-जैहानी हे त्यांचे वजीर होते. तेथे मंडळी २८ दिवस राहिली. जहागिरीचे पैसे मात्र हाती येईनात. वाट पाहत बसावे तर हिवाळा तोंडावर आलेला. अखेर पैशांवाचूनच ते पुढे निघाले आणि ख्वारिज्ममधील गुरगंज शहरी पोहोचले. हे स्थान आज तुर्कमेनिस्तानात आहे.

गुरगंजच्या थंडीचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना आपण कोकणात वा देशावर राहणारी माणसे चकित होतो. जैहून नदी, म्हणजे आजची अमू दर्या, तीन महिने गोठलेली होती आणि तिच्यावरून माणसे, घोडे व गाड्या जमिनीवरून जावे तशा जात. हमामातून घरी येईतो दाढीचा बर्फाचा गोळा होई आणि तो शेगडीजवळ बसून वितळवावा लागे.

पुढे तर शहरेच नव्हती. ओसाड पठार, गवताळ मैदाने, बर्फ आणि भटक्या टोळ्या एवढेच होते. ख्वारिज्मच्या अधिपतीने जाऊ नका असे बजावले होते. अशा वेळी माणसाची परीक्षा होते. बगदादहून सोबत आलेले फकीह आणि शिक्षक त्या मुलखाच्या भीतीने गुरगंजलाच मागे राहिले. ज्यांच्यासाठी राजाने एवढा दूरवर निरोप धाडला होता, तेच थांबले! मार्च ९२२ च्या आरंभी उरलेली मंडळी एका मोठ्या काफिल्याबरोबर निघाली.

अंगावर एकावर एक इतके कपडे चढवावे लागले की, उंटावर बसल्यावर हालचाल करणेही मुश्कील झाले. वाटेत गुझ तुर्क, पेचेनेग आणि बाश्किर लोकांचे प्रदेश लागले. नद्या चामड्याच्या होड्यांतून ओलांडाव्या लागत. आज जिला उरल म्हणतात त्या नदीत एक होडी त्यांच्या डोळ्यांदेखत उलटली. माणसे बुडाली, उंट आणि घोडेही गेले. गुरगंज सोडल्यापासून सत्तर दिवसांनी, १२ मे ९२२ रोजी, ते बुल्गारांच्या राजाकडे पोहोचले.

चार दिवसांनी पत्राचे वाचन झाले. सर्वजण उभे राहिले, राजाही उभा राहिला. सोहळा थाटात पार पडला. पण पुढे राजाने पैशांचा हिशेब विचारला. पत्रात ४,००० दिनारांचा उल्लेख होता आणि हाती तर काहीच नव्हते. राजा संतापला आणि इब्ने फजलान यांना फार खजील व्हावे लागले. हा प्रसंग त्यांना आपल्या वृत्तांतातून सहज गाळता आला असता. त्यांनी तो गाळला नाही.

शिक्षक नाहीत, पैसे नाहीत. मग या दूताने काय केले? जे काम त्यांचे नव्हते ते त्यांनी अंगावर घेतले. बुल्गारांमध्ये इस्लाम स्वीकारलेला एक मोठा समूह होता. त्या लोकांसाठी लाकडी मशीद होती, परंतु त्यांना कुरआनपठण येत नव्हते. इब्ने फजलान यांनी त्यांच्यातील काहींना शिकविले. तालूत नावाच्या एका माणसाने त्यांच्या हातून इस्लामचा स्वीकार केला, तेव्हा त्यांनी त्याला दोन सूरा शिकविल्या. त्या माणसाला झालेला आनंद राज्य मिळाल्याच्या आनंदाहूनही मोठा होता, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे राजाचा रागही निवळला आणि तो त्यांना विश्वासाने वागवू लागला.

तेथील निसर्ग त्यांना अद्भुत वाटला. उन्हाळ्यातील रात्र इतकी लहान की, इशाच्या अजानची वाट पाहत गप्पा मारीत बसले आणि अजान ऐकून बाहेर आले तर पहाट होत होती! फजर चुकेल या भीतीने मुअज्जिन महिनाभर रात्री झोपलाच नव्हता.

व्होल्गाकाठी आलेल्या रूस व्यापाऱ्यांनी आपल्या मृत सरदाराला नावेसह अग्नी दिला, तेही त्यांनी जवळून पाहिले. तेथे एका रूस माणसाने अरबांची थट्टा केली. तुम्ही आपल्या प्रियजनांना मातीत पुरता आणि किडे त्यांना खातात, अशा अर्थाचे तो बोलला. इब्ने फजलान यांनी ही टीकाही जशीच्या तशी नोंदविली. परक्या लोकांविषयी त्यांची मते अनेकदा कठोर आहेत, हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांत ते पुष्कळदा फरक करतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हाच गुण प्रथम अंगी बाणविला पाहिजे.

या वृत्तांताचे पुढे काय झाले? शतकानुशतके त्यातील उतारेच तेवढे इतरांच्या ग्रंथांतून ज्ञात होते. सन १९२३ मध्ये इराणातील मशहद येथील ग्रंथसंग्रहात एक मोठे हस्तलिखित सापडले. ते शोधणारे विद्वान झेकी वलिदी तोगान हे स्वतः बाश्किर होते. म्हणजे ज्या लोकांच्या मुलखातून इब्ने फजलान घाबरत घाबरत गेले, त्यांचेच वंशज! तोगान यांनी १९३९ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. हस्तलिखिताचा शेवट तुटलेला असल्याने परतीच्या प्रवासाची हकिकत मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

आज त्या भागात तातारस्तान हे रशियातील प्रजासत्ताक आहे. तेथील बुल्गार नगरीच्या अवशेषांना २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राजधानी कझान १५५२ साली झार इव्हानने जिंकली. पण पुढे १८०४ मध्ये तेथेच विद्यापीठ स्थापन झाले. कझानच्या किल्ल्यातील कुल शरीफ मशीद २००५ मध्ये नव्याने उभी राहिली.

याच व्होल्गेच्या काठावरील त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात बहमनी राज्यात आला होता. चौल बंदरी उतरून तो जुन्नरला आणि तेथून बिदरला गेला. महमूद गावान यांचा बिदरचा प्रसिद्ध मदरसा त्याच सुमारास उभा राहिला. निकितिननेही वही लिहिली, म्हणूनच त्या काळचे चौल आणि जुन्नर एका परक्याच्या डोळ्यांनी आपल्याला पाहता येते.

विद्यार्थी मित्रहो, सुटीत मामाच्या गावी गेलात तरी वही जवळ ठेवा. जुनी मशीद, विहीर, शिलालेख, आजीने सांगितलेली हकिकत लिहून ठेवा. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे लिहा. स्वतःची फजितीही लपवू नका.

आणि पालकहो, शिक्षणसंस्था चालविताना कधी पैसे वेळेवर येत नाहीत, कधी आडगावी जाण्यास शिक्षक तयार होत नाहीत. ही अडचण हजार वर्षांपूर्वीही होती. अशा वेळी ज्याला चार अक्षरे येतात त्याने ती दुसऱ्याला शिकवावीत. बगदादचे दिनार बुल्गारला पोहोचले नाहीत. पण तालूतला शिकविलेल्या दोन सूरा पोहोचल्या.