जत्रेतली बंदूक : एक उपेक्षित इतिहास

आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हाती घेतली ती कोठे, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर एकच येईल : जत्रेत. कोणाची जत्रा जेजुरीची, कोणाची जोतिबाची, तर ज्यांचे बालपणच या शहरात गेले त्यांची बसवनगुडीतील कडलेकाई परिषेची, म्हणजे कार्तिकातील शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेची. रंगीत फुग्यांनी भरलेली फळी, समोर आडवे टाकलेले बाकडे आणि त्यावर दस्ता झिजलेल्या दोन-तीन छऱ्याच्या बंदुका, हे दृश्य मात्र सर्वत्र सारखेच. या बंदुकीला काही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. तो आहे, आणि आज तो भंगाराच्या दुकानातून नाहीसा होत आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

बेंगळुरूत जुन्या बंदुकांचा विषय निघाला की मन साहजिकच राजेरजवाड्यांकडे वळते. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तो काळ तोड्याच्या बंदुकांचा होता. पुढे श्रीरंगपट्टणास टिपू सुलतानाच्या कारखान्यांत उत्तम बंदुका घडल्या. २०१५ साली लंडनमध्ये टिपूकालीन शस्त्रांचा लिलाव झाला, तेव्हा त्यांना सुमारे साठ लाख पौंड आले. राजाच्या शस्त्राला असा गिऱ्हाईक मिळतो, संग्रहालयात काचेचे कपाटही मिळते. परंतु सामान्य माणसाने ज्या बंदुकीने नेम धरला, तिची दखल कोणी घेत नाही.

या बंदुकीचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या पॅरिसच्या कारागिराने बंदुकीच्या स्फोटक टोपीच्या तोंडाशीच बारीक गोळी बसविली. टोपीतील स्फोटकाच्या जोरावरच गोळी सुटे. निराळी दारू भरण्याचे कारणच उरले नाही. आवाज थोडा, धूर थोडा, त्यामुळे घरच्या दिवाणखान्यातही नेमबाजी करता येऊ लागली. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी याच कल्पनेवर बेतलेले .२२ चे काडतूस बाजारात आणले आणि नेमबाजीचे खेळ गावोगावच्या मेळ्यांत पोहोचले. पत्र्याची बदके आणि मातीच्या चिलमी पाडण्याच्या या खेळासाठी जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने १८९० साली एक रायफल काढली. नळीखालची लाकडी मूठ मागेपुढे सरकविली की पुढचे काडतूस चढत असे. १९३२ पर्यंत अशा सुमारे साडेआठ लाख रायफली तयार झाल्या.

एवढ्या संख्येने निघालेली वस्तू दुर्मीळ कशी, असे वाचकांस वाटेल. परंतु मेळ्यातील रायफल घरच्या रायफलीसारखी वर्षातून चार दिवस वापरली जात नसे. ती दिवसभर, अनोळखी हातांत, अविरत चालत असे. नळीच्या आतील आटे झिजून गुळगुळीत होत. मग नळी बदलली जाई, दस्ता बदलला जाई. म्हणून मूळ भागांसह टिकलेली खरीखुरी मेळ्यातली रायफल पाश्चात्त्य संग्राहक आज शोधत फिरतात. ती फार वापरली गेली, हेच तिच्या दुर्मीळतेचे कारण होय.

आपल्याकडे मात्र काडतुसाची रायफल जत्रेत रुजणे शक्य नव्हते. लॉर्ड लिटन यांच्या अमदानीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मनाई केली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. बेंगळुरूच्या छावणीत १८६८ पासून रायफल व्हॉलंटियर्सचे पथक होते. तेथील मैदानावरच्या गोळ्यांचे आवाज पेठेत ऐकू येत असतील, पण पेठेतल्या माणसाच्या वाट्याला पुढे आली ती हवेची बंदूक.

हवेची बंदूक ही प्रामुख्याने जर्मनी आणि इंग्लंड यांची देणगी. जर्मनीतील रास्टाट येथे १८९० साली स्थापन झालेल्या कारखान्याने ‘डायना’ हे नाव जगभर नेले. धनुष्य टाकून देऊन बंदूक उंचावणारी शिकारीची देवता, हा तिचा छाप. इंग्लंडात लिंकन जेफ्रीज यांच्या १९०४ च्या पेटंटावरून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने नावाजलेल्या हवाई रायफली केल्या. येथे संग्राहकाने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव एका ब्रिटिश कंपनीकडे गेले व स्कॉटलंडमध्ये त्या नावाने बंदुका निघू लागल्या. तेव्हा डायना असा छाप असलेली प्रत्येक बंदूक जर्मन नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले. कमी जोराच्या हवाई बंदुकीला त्यांत परवान्यातून सूट मिळाली. परंतु कमी जोर ठरवायचा कसा? त्यासाठी एक कसोटी घालून दिली होती. एक इंच जाडीची, गाठी नसलेली देवदारी फळी पाच फुटांवर ठेवून छरे मारायचे. एकही छरा आरपार गेला नाही तर बंदूक सुटली! २०१६ च्या नियमांत फळीच्या जागी ऊर्जेचे मोजमाप आले : वीस ज्यूलपर्यंतचा जोर आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतचे तोंड. जत्रेतली बंदूक या चौकटीत जगत आली आहे.

फुगेवाल्याने नळी मुद्दाम वाकडी केलेली असते, असा संशय आपण सर्वांनी लहानपणी घेतला आहे. काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु या बंदुकीची रचना पाहिली म्हणजे निराळे कारण दिसते. दर बाराला नळी मध्ये मोडून खाली ओढावी लागते. त्याने आतली स्प्रिंग दबते. चाप ओढताच ती सुटून दट्ट्याला पुढे ढकलते आणि दाबलेली हवा छऱ्याला बाहेर फेकते. जत्रेच्या एका दिवसात ही नळी शेकडो वेळा मोडली जाते. सांध्याची खीळ झिजते, नळी केसभर हलू लागते, आणि केसभर हललेली नळी फळीपर्यंत वीतभर चुकते. दट्ट्याचे चामडी वायसर सुकले की जोरही उतरतो. आपण ज्याला लबाडी म्हणत होतो, ती पुष्कळदा निव्वळ झीज होती.

म्हणून अशी बंदूक कोणाच्या हाती आलीच, तर तिला घासूनपुसून नवी करू नये. सुताराने जोडलेला दस्ता, लोहाराने घातलेली खीळ, तारेने आवळलेली फट, हाच तिचा दस्तऐवज होय. ती कोणाची, कोणत्या जत्रांतून फिरली, कोणी दुरुस्त केली, एवढे चार ओळींत लिहून तिच्याबरोबर ठेवावे. मात्र गावच्या वाड्यात आजोबांची काडतुसाची बंदूक सापडली, तर ती गोष्ट वेगळी. जुनी वस्तू म्हणून कायद्याची सूट मिळते ती दुरुस्तीनेही चालू शकणार नाही अशाच हत्याराला. चालणाऱ्या बंदुकीला, ती वारशाने आली तरी, परवाना हवाच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसास दोहोंहून अधिक बंदुका बाळगता येत नाहीत.

संग्रहाचा विषय निघाला की पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवाजमव सुरू केली, ती राजमुकुटांची नव्हे. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरोघरच्या वस्तूंची. ज्या वस्तूंना लोक अडगळ म्हणत, त्यांतून त्यांनी महाराष्ट्राच्या रोजच्या जगण्याचा इतिहास उभा केला आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो समाजाच्या हवाली केला. जत्रेतली बंदूक त्याच पंगतीत बसणारी वस्तू आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सण जपता येतात, भाषा जपता येते. जत्रा मात्र बरोबर आणता येत नाही. तिच्यातील एखादी वस्तू तेवढी आणता येते. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या आनंदमेळ्यांची जुनी छायाचित्रे धुंडाळताना फुग्यांच्या फळीपुढे डोळा मिटून उभे असलेले एखादे पोर दिसले, तर त्याच्या हातातील बंदुकीकडेही क्षणभर पाहावे आणि छायाचित्रामागे साल व ठिकाण लिहून ठेवावे. पुढच्या संग्राहकाला तेवढा आधार पुरेल.