शिक्षा सरते, डाग उरतो
माळव्याची काळी जमीन आणि अफू यांचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होळकर-शिंद्यांच्या मुलखांतील बराचसा माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे जात असे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर ती वाट खुंटली व माल मुंबईकडे वळला. या व्यापारावर संस्थानांचे खजिने भरले, पेढ्यांची प्रतिष्ठा वाढली. त्यास कोणी कलंक मानला नाही.

पुढे काळ पालटला. आज नीमच-मंदसोरकडे अफूचे पीक निघते ते केवळ सरकारी परवान्याने. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली दोषी ठरलेला कास्तकार त्या परवान्यास मुकतो. नुसता दंड झाला तरी सहा वर्षे, आणि कैद झाल्यास सुटकेनंतरही सहा वर्षे, त्यास संसदेची वा विधिमंडळाची निवडणूक लढविता येत नाही.

कायद्याने येथे निदान मुदत घातली आहे. समाजाच्या बहिष्कारास मात्र मुदत नसते. सुटून आलेल्यास काम मिळत नाही, मुलीचे लग्न अडते, उत्सवाच्या वर्गणीसही त्याच्या दारी कोणी जात नाही.

आमच्या धर्मशास्त्राने पापाबरोबर प्रायश्चित्तही सांगितले, आणि ते पुरे करणारास पुन्हा व्यवहारास योग्य मानले. मग ज्याने आपली शिक्षा भोगली, त्याचे पान देवळाच्या पंक्तीत मांडण्यास आम्ही का कचरावे? ज्या पिकाने आमचे वाडे उभे राहिले, त्याचा सारा डाग एकट्या कास्तकाराच्या माथी मारणे आम्हांस शोभत नाही.