सागरी जैवसंचय

एखादे रसायन सजीवाच्या शरीरात ज्या वेगाने शिरते त्या वेगाने बाहेर पडत नसेल, तर उरलेला भाग शरीरात साठत जातो. या साठण्याला जैवसंचय म्हणतात. असा साठा बाळगणारे अनेक जीव एकाच भक्षकाच्या पोटात गेले, की त्या सर्वांचा साठा त्याच्या अंगी येतो. अन्नसाखळीच्या पायरीगणिक होणाऱ्या या वाढीला जैववर्धन असे नाव आहे. प्लवकांपासून लहान मासे, त्यांच्यापासून मोठे मासे आणि पुढे मुशी, सील, देवमासे अशी ही चढण असते. मोठ्या शिकारी माशांच्या मांसातील मिथाइल पाऱ्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहून अधिक भरू शकते. त्यामुळे पाण्याचा नमुना निर्दोष ठरला म्हणजे मासाही निर्दोष, असे मानता येत नाही. ‘समुद्र एवढा अथांग, त्यात सारे विरून जाईल’ या भरवशावर उद्योगांनी दीर्घकाळ सांडपाणी सोडले. त्या भरवशाची किंमत समुद्रातील जीवांनी आणि मासे खाणाऱ्या माणसांनी मोजली आहे, आणि तिचा सर्वांत जड वाटा न जन्मलेल्या व अंगावर पिणाऱ्या पिल्लांकडे गेला आहे.

साठण्याचे मार्ग. मुख्य मार्ग दोन. पीसीबी, डीडीटी, डायॉक्सिने यांसारखी क्लोरीनयुक्त संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती चरबीत विरघळतात आणि शरीराला ती सहजी मोडता येत नाहीत, म्हणून देवमाशाच्या कातडीखालच्या जाड चरबीत ती वर्षानुवर्षे राहतात. मिथाइल पाऱ्याचा मार्ग वेगळा आहे. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो. तिथले काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि ते संयुग प्रथिनांतील गंधकाला घट्ट चिकटते. म्हणजे ते चरबीत नव्हे, थेट मांसात बसते. मासा धुतल्याने, तळल्याने किंवा त्याचे कालवण केल्याने ते जात नाही. चरबीतील पीसीबीचा काही भाग तरी कातडी व चरबी काढून टाकल्यास कमी होतो. याखेरीज नॉनस्टिक भांड्यांच्या लेपांच्या उद्योगात आणि आग विझवण्याच्या फेसात वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त संयुगे रक्तातील प्रथिने व यकृत यांत साठतात.

मिनामाता. या विषयाचा कोणताही विचार जपानच्या क्यूशू बेटावरील या गावाला टाळून पुढे जाऊ शकत नाही. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरत. प्रक्रियेतच त्यातील काही पाऱ्याचा मिथाइल पारा बने आणि तो सांडपाण्याबरोबर मिनामाता उपसागरात जाई. १९५० नंतर किनाऱ्यावरची मांजरे झटके येऊन गरगर फिरू लागली, पक्षी उडता उडता कोसळू लागले. मग कोळ्यांच्या घरांतील माणसांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, बोलणे अडखळू लागले, नजर आकुंचित झाली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी कारण न कळणाऱ्या या मज्जाविकाराची नोंद सरकारी आरोग्य केंद्राकडे केली. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला घातले आणि त्या मांजरात तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. पाऱ्याची ही पद्धत १९६८ पर्यंत चालू राहिली आणि सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले तेही त्याच वर्षी, सप्टेंबरात. दरम्यान १९६५ मध्ये निईगाता येथे आगानो नदीच्या काठी दुसऱ्या एका कंपनीमुळे तोच रोग पुन्हा उद्भवला होता. नोंद झाल्यावर बारा वर्षे मिनामातात सांडपाणी सोडणे चालू राहिले, याला अज्ञान म्हणता येणार नाही.

मिनामाताच्या परिसरात जन्मतःच हातपाय वाकडे असलेली, मान न धरणारी मुले दिसत होती. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, असे तेव्हाचे वैद्यक मानत असे. शिवाय या मुलांनी मासा तोंडातही घातला नव्हता, आणि त्यांच्या आयांची लक्षणे बहुधा सौम्य होती. डॉ. हारादा मासाझुमी या तरुण वैद्याने आयांचे म्हणणे गांभीर्याने घेतले. १९६२ मध्ये गर्भावस्थेतील मिनामाता रोग मान्य झाला. मिथाइल पारा वार ओलांडतो आणि गर्भाच्या घडत्या मेंदूत साठतो. आईच्या शरीरातील भार अंशतः मुलाने उचललेला असतो. पुढे पुराव्याला एक रीत कामी आली. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत मात्र ती वाळवून लहानशा पेटीत जपून ठेवण्याची चाल आहे. हारादांनी अशा नाळा गोळा करून तपासल्या, तेव्हा कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड उत्पादनाच्या चढउताराशी त्यांतील पाऱ्याचे प्रमाण जुळले. मिनामाता व निईगाता येथील मिळून सुमारे ३,००० रुग्ण अधिकृतपणे मान्य झाले. मान्यता न मिळता पुढे भरपाई मिळालेल्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

देवमासे आणि दूध. पीसीबीचे उत्पादन १९२९ मध्ये सुरू झाले. ट्रान्सफॉर्मरमधील तेल, रंग, सांधे भरण्याची लांबी अशा असंख्य ठिकाणी ते गेले. १९६६ मध्ये स्वीडनचे सोरेन येन्सेन यांनी ते मासे व गरुडांच्या ऊतींत आढळल्याचे जाहीर केले. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या निर्मितीवर बंदी घातली. तरी ते समुद्रातून गेलेले नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर ‘लुलू’ नावाची ऑर्का (शिकारी देवमासा) मादी मेलेली सापडली. मासेमारीच्या दोरांत अडकून ती मेली होती. तिच्या चरबीत किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होते. सस्तन सागरी प्राण्यांना अपाय सुरू होण्याची पातळी सुमारे ९ मिलिग्रॅम मानली जाते. लुलू किमान वीस वर्षांची होती आणि तिला कधीच पिल्लू झाले नव्हते, हे तिच्या अंडाशयावरून कळले.

पिल्लू न होणे हे या आकड्याचे एक कारणही असू शकते, परिणामही. ऑर्काच्या नरात पीसीबी आयुष्यभर वाढत जाते. मादी मात्र चरबीने दाट असलेल्या दुधातून आपला मोठा साठा पिल्लाला देऊन टाकते, आणि पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो. हीच वाट माणसांतही आहे. वाऱ्याबरोबर उष्ण प्रदेशांतून निघालेली ही संयुगे थंड ध्रुवप्रदेशात खाली बसतात. म्हणूनच जिथे एकही कारखाना नव्हता अशा उत्तर क्वेबेकमधील इन्युइट मातांच्या दुधात १९८० च्या दशकात दक्षिणेकडील मातांपेक्षा कैक पट पीसीबी आढळले.

किती खावे? अटलांटिकमधील फेरो बेटांवर पायलट देवमाशाचे मांस खाण्याची जुनी परंपरा आहे. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे १,००० मुलांच्या नाळेच्या रक्तातील पारा मोजला गेला. तो जास्त असलेल्या मुलांची स्मरणशक्ती, भाषा व एकाग्रता सातव्या वर्षी किंचित मागे पडलेली दिसली. २००८ मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हे मांस अन्न म्हणून वापरूच नये असा सल्ला दिला. हिंदी महासागरातील सेशेल्सच्या माता मात्र आठवड्यात दहाबारा वेळा मासे खात, आणि तिथल्या दीर्घ अभ्यासात तसा ठळक अपाय दिसला नाही. त्या देवमासा खात नव्हत्या, आणि माशांतील मेदाम्ले गर्भाच्या मेंदूला उपकारक असतात. मासे सोडून देणे हा या माहितीचा अर्थ नाही.

पश्चिम किनारा. ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याचा अभ्यास १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतील पाऱ्याचे विद्युतघट हा त्याचा तेव्हाचा प्रमुख उगम होता. भारतातील या उद्योगाने पुढे पाराविरहित तंत्र स्वीकारले. जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातील कथिलाची संयुगेही गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना या किनाऱ्यावर आढळली. या संयुगांमुळे मादी गोगलगाईंना नराचे अवयव फुटतात. त्यांवरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करार २००४ पासून, तर पाऱ्यावरील मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे. भारताने दुसऱ्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

मासळीबाजारात उपयोगी पडणारा भाग असा : जैववर्धन वय, आकार आणि आहार यांवर ठरते. तारली, बांगडा हे अल्पायुषी, लहान भक्ष्यावर जगणारे मासे या बाबतीत बरेच निर्धोक आहेत. मुशी, मोठा कुपा, तलवार मासा हे दीर्घायुषी शिकारी आहेत. किनाऱ्यावरील बऱ्याच घरांत दूध यावे म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालतात. पाऱ्याबाबतच्या सल्ल्यांत मात्र गर्भवती व स्तनदा मातांनी टाळायच्या माशांत मुशीचे नाव ठळकपणे असते. त्यांना तारली किंवा बांगडा द्यावा.